शाळेतील समुपदेशकांना कुटुंबासोबतचे काम कसे शिकवावे?

प्रश्न : कुर्ला_समन्वयक

नमस्कार. कुर्ला आणि गोवंडी भागातील शाळांमध्ये समुपदेशन पुरवणाऱ्या एका लहान विश्वस्त संस्थेत मी समन्वयक आहे. आमच्याकडे सात समुपदेशक आहेत. चौघी मानसशास्त्रात एमए आहेत, तिघांनी एमएसडब्ल्यू केले आहे, आणि सर्वांचे शिक्षण प्रामुख्याने एका व्यक्तीशी समोरासमोर बसून बोलण्याचे झाले आहे. शिक्षक मुलाला आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्याच्याशी सहा-आठ वेळा बोलतो, पालकांना एकदा बोलावून चार सूचना देतो आणि केस बंद करतो.

मागील वर्षीची एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सातवीतला मुलगा, दुपारची शाळा, पण साडेअकरा वाजले की पोटात दुखायला लागायचे. बालरोगतज्ज्ञांनी तपासले, काही निघाले नाही. आमच्या समुपदेशिकेने त्याला श्वासाचे व्यायाम शिकवले, भीतीची उतरंड (कमी भीतीच्या प्रसंगापासून जास्त भीतीच्या प्रसंगापर्यंतची यादी) मांडून घेतली, आणि महिन्याभरात तो शाळेत येऊ लागला. दिवाळीनंतर मात्र पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा ती प्रथमच त्याच्या घरी गेली. वडील रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, सकाळी परतून झोपणारे. आई चार घरच्या पोळ्या लाटून अकराला परतणारी. दोघे एकाच वेळी जागे आणि घरात असतात तो काळ नेमका अकरा ते साडेबारा, आणि भांडणे होतात तीही त्याच वेळात. मुलाचे पोट दुखू लागले की आई ओव्याचे पाणी करते, वडील त्याच्या पायथ्याशी येऊन बसतात आणि तेवढा वेळ खोलीत शांतता असते. हे पाहिल्यावर आमची समुपदेशिका मला म्हणाली, ‘‘मी महिनाभर त्याला पोटदुखी सोडायला शिकवत होते, आणि ती सुटली तर घराचे काय होईल हे मला कोणी शिकवलेच नव्हते.’’

त्यानंतर आम्ही सिस्टेमिक पद्धतीने, म्हणजे एकट्या मुलाऐवजी घरातल्या सर्वांच्या परस्परसंबंधांकडे पाहत, कुटुंबासोबत काम करण्याचे प्रशिक्षण द्यायचे ठरवले आणि दोन दिवसांची एक कार्यशाळा घेतली. व्याख्याने चांगली होती, सर्वांनी जेनोग्राम, म्हणजे घरातल्या पिढ्यांचे आणि नात्यांचे आराखडे, काढले, सर्वांना प्रमाणपत्रे मिळाली, आणि सोमवारी सर्व जण पुन्हा मुलाला एकट्याला खोलीत घेऊन बसले. आता महिन्यातून एक पूर्ण दिवस आणि आठवड्यातून दोन तास एवढा वेळ मी मंजूर करून घेतला आहे. कुटुंबोपचाराची पदवी नसलेल्यांना हे काम शिकवणे योग्य आहे का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : निवृत्त_पीएसडब्ल्यू

समन्वयक ताई, मी मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांत मनोसामाजिक कार्यकर्ती म्हणून तीस वर्षे काढली आहेत. आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, मात्र एका अटीवर: शिकणाऱ्याला काम करताना कोणीतरी पाहिले पाहिजे. आपल्या कार्यशाळेत उणीव राहिली ती येथेच.

आपल्या क्षेत्रात सुपरव्हिजन म्हणजे बहुधा असे, की समुपदेशकाने आठवड्यानंतर आठवून सांगायचे आणि वरिष्ठाने ऐकायचे. आठवणीतून सांगताना माणूस स्वतःला सोयीचे तेवढेच सांगतो, आणि त्याला ते कळतही नाही. कुटुंबोपचाराच्या परंपरेने सुरुवातीपासून यावर उपाय केला, तो म्हणजे एकतर्फी आरशामागून, म्हणजे पलीकडून आत दिसेल पण आतून बाहेरचे दिसणार नाही अशा काचेमागून, प्रत्यक्ष काम पाहण्याचा. साल्वादोर मिनुशिन या कुटुंबोपचारकांनी जे हेली आणि ब्राउलिओ मोंताल्वो या सहकाऱ्यांसह अमेरिकेतील फिलाडेल्फियात १९६०च्या दशकाच्या शेवटी वस्तीतल्या, पदवी नसलेल्या माणसांनाच कुटुंबासोबत काम करायला शिकवले, तेही याच रीतीने, म्हणजे पुस्तकाआधी काम आणि कामावर सतत कोणाची तरी नजर. ब्रिटनमध्ये पूर्ण पात्रतेचे शिक्षण साधारण चार वर्षांचे असते आणि त्यातही प्रत्यक्ष देखरेखीखालचे काम टाळता येत नाही. तेव्हा आपले सात जण वर्षभरात कुटुंबोपचारक होणार नाहीत, हे व्यवस्थापनाला आजच सांगून टाकावे. पण समुपदेशक म्हणून ते कुटुंबाकडे पाहायला शिकतील, आणि शाळेच्या कामासाठी ते पुष्कळ आहे.

ही पद्धत परदेशी आहे, आपल्या लोकांना झेपणार नाही, असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नये. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावले होते, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही त्याच दशकापासून घरचे माणूस रुग्णासोबत राहते. मुंबईत तर आपले स्वतःचे जुने खाते आहे. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली सुरू झाली आणि तिने १९३७ मध्येच बाल मार्गदर्शन केंद्र काढले. कुटुंब आपल्याकडे नेहमीच सोबत येते. ओपीडीत एका मुलामागे आई, आजी, मावशी आणि शेजारची वहिनी उभ्या असत, आणि आम्ही पहिले काम काय करत होतो, तर ‘फक्त आई थांबा, बाकीचे बाहेर बसा’. उरलेल्या आईलाही आम्ही माहिती देणारी म्हणून वापरत होतो. प्रसूती कशी झाली, मूल केव्हा चालू लागले, फॉर्म भरला, संपले.

आता आरसा नसताना काय करायचे? नॉर्वेतील मनोविकारतज्ज्ञ टॉम अँडरसन यांनी १९८५ साली आरशामागच्या मंडळींना उजेडात आणले, म्हणजे ऐकणाऱ्यांनी कुटुंबासमोरच आपापसांत बोलायचे आणि कुटुंबाने ते ऐकायचे, असा पायंडा पाडला. त्याला आरसा लागत नाही, एक खोली आणि चार खुर्च्या पुरतात. एकाने कुटुंबाशी बोलावे, दोघांनी कोपऱ्यात बसून ऐकावे. अर्ध्या तासाने त्या दोघांनी पाच मिनिटे एकमेकांशी बोलावे, तेही ‘मला असे वाटून गेले’, ‘मला प्रश्न पडला’ अशा भाषेत, निदान न करता आणि शाबासकी न देता. मग कुटुंबाला विचारावे, यातले काय पटले आणि काय नाही.

याच्या आधी आणखी एक सवय लावावी. इटलीतील मिलानच्या चार कुटुंबोपचारकांनी, म्हणजे सेल्विनी पालाझोली, बोस्कोलो, चेकीन आणि प्राता यांनी, १९८० साली लिहिलेल्या लेखात गृहीतक (आधीच अंदाज बांधणे), वर्तुळाकारता (एकाच्या वागण्याचा दुसऱ्यावर आणि त्याचा परत पहिल्यावर होणारा परिणाम पाहणे) आणि तटस्थता (कोणाचीच बाजू न घेणे) ही तीन सूत्रे मांडली. पैकी पहिले आपल्या आठवड्याच्या दोन तासांत सहज बसते. कुटुंब येण्याआधी दहा मिनिटे प्रत्येकाने तीन अंदाज लिहावेत, आणि त्यांतला एक तरी असा असावा ज्यात कोणीच दोषी नाही. तो अंदाज लिहिताना नव्या मुलामुलींचे पेन कसे अडते ते पाहाच.

वर्तुळाकार प्रश्नांचा सराव मात्र मराठीत आणि हिंदीतच करून घ्यावा, इंग्रजीतून भाषांतर करून नव्हे. ‘तुम्ही असे का करता?’ हा आपल्याकडे प्रश्न नसतोच, तो जाब असतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिले तीन महिने ‘का’ हा शब्दच बंद करत असे. त्याऐवजी असे विचारायचे: ‘ह्याचे पोट दुखते हे घरात सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात येते? मग कोण काय करते? ते पाहून आजी काय म्हणतात?’ धाकट्या बहिणीला विचारावे, ‘आई-बाबा बोलेनासे झाले की दादा काय करतो?’ कोणी कोणावर ठपका न ठेवता घराची चाल उलगडू लागते.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही. आपल्याकडील पुष्कळ बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, ‘हे’ म्हणतात, आणि सासरे समोर असले तर ‘हे’सुद्धा गळून पडते. ‘परवा जेवले नाहीत, तसेच निघून गेले’, असे कर्त्याविना वाक्य येते. कोणासमोर वाक्यातला कर्ता नाहीसा होतो, याची नोंद करायला शिकवा. मला अनेक घरांचा नकाशा तेवढ्यावरून सापडला आहे.

प्रतिसाद २ : बालमानस

वरील प्रतिसाद मोलाचा आहे, परंतु मी मुलांच्या मनोविकारांवर उपचार करणारा डॉक्टर असल्याने मला दुसरी बाजू मांडणे भाग आहे.

‘घराच्या चालीतून मुलाचे लक्षण येते’ हे वाक्य नवशिक्याच्या हाती पडले की त्याचे ‘घरामुळे मूल आजारी आहे’ असे व्हायला वेळ लागत नाही. आपल्या शास्त्राने ही चूक मोठ्या प्रमाणावर केली आहे. बेटसन आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली दुहेरी पेचाची (घरातून एकाच वेळी मिळणाऱ्या परस्परविरोधी संदेशांची) कल्पना स्किझोफ्रेनियाच्या संदर्भातच मांडली आणि पुढे आईवडील अपराधीपणाच्या ओझ्याखाली दबले. स्वमग्नतेचे खापर तर मायेचा ओलावा नसलेल्या आईवर कित्येक वर्षे फोडले जात होते. आज दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरल्या आहेत. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्याच महिन्यात अध्ययन अक्षमता, अतिचंचलता, स्वमग्नता, अपस्मार आणि नैराश्य यांची चिन्हे आणि केस डॉक्टरांकडे केव्हा पाठवायची, हे पक्के करून घ्यावे. सातवीतल्या ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याचे पोट आईवडिलांच्या भांडणाविनाही दुखू शकते. आपल्या संस्थेने आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवले, हे योग्यच झाले.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. मारहाण होत असलेल्या घरात ‘कोण काय करते, मग कोण काय करते’ असे वर्तुळ काढले की मारणारा आणि मार खाणारी दोघेही त्या वर्तुळावरचे सारखेच ठिपके होऊन बसतात. स्त्रीवादी अभ्यासकांनी १९८०च्या दशकात कुटुंबोपचारावर हीच टीका केली आणि ती रास्त होती. अशा घरातल्या सर्वांना पहिल्याच भेटीत एका खोलीत बसवू नये. खोलीत बोललेल्या वाक्याची किंमत ती बाई घरी गेल्यावर चुकवते. आधी प्रत्येकाला वेगळे भेटावे, सुरक्षिततेची चौकशी करावी, आणि पोलीस ठाण्यांमधील महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षांची माहिती समुपदेशकांना असावी. हे काम टाटा संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबतच सुरू केले होते.

तिसरा मुद्दा कायद्याचा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा होण्याची शक्यता कळली, तर बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. तेथे तटस्थता, गोपनीयता, कुटुंबाची बाजू, काहीही आड येत नाही. ‘येथे बोललेले सगळे आपल्यातच राहील’ असे वाक्य आपल्या समुपदेशकांच्या तोंडी असेल तर ते आधी बदला. मुलाला आणि पालकांना सुरुवातीलाच सांगावे की मुलाला धोका असल्याचे कळले तर मला ते पुढे सांगावे लागेल. प्रत्येकाने हे वाक्य मोठ्याने, न अडखळता म्हणून दाखवल्याशिवाय त्याला कुटुंबासमोर बसू देऊ नये, एवढे कडक मी राहीन.

आणि वडील येत नाहीत म्हणून काम थांबवू नका. रोजंदारी बुडवून शाळेत येणे सर्वांना परवडत नाही. आलेल्या एका माणसाशी बोलतानाही उरलेल्यांना प्रश्नांतून खोलीत आणता येते.

प्रतिसाद ३ : कल्याण_लोकल

मी शाळेतच समुपदेशक आहे आणि दोन वर्षे शनिवार-रविवार करून हे प्रशिक्षण घेतले आहे. शिकणाऱ्याच्या बाजूने दोन अनुभव सांगते.

आमच्या मार्गदर्शिकेने मला माझ्याच एका सेशनचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला लावले. पन्नास मिनिटांच्या त्या सेशनसाठी माझी तीन रात्रींची लोकलची ये-जा आणि अर्धा रविवार गेला. त्यावर त्यांनी एक अक्षरही टिपणी केली नाही, फक्त प्रश्न मोजायला सांगितले. एकूण सव्वीस प्रश्न निघाले, त्यांतले एकोणीस आईला, सहा मुलीला, आणि वडिलांना एकच: ‘‘तुमची ड्यूटी कुठे असते?’’ अर्धा दिवस पगार कापून घेऊन आलेल्या माणसाला मी तेवढेच विचारले होते, आणि माझ्या अहवालात लिहिले होते की वडील सहकार्य करत नाहीत. निवृत्त_पीएसडब्ल्यू मॅडम म्हणतात ती ‘सोयीची आठवण’ म्हणजे हीच असावी.

त्यानंतर मला स्वतःच्या घराचा जेनोग्राम तीन पिढ्यांपर्यंत काढावा लागला. कार्यशाळेत वीस मिनिटांत काढतात तसा नव्हे. आत्याला आणि मामाला फोन करून, न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी विचारून. मी थोरली मुलगी. बारावीत असताना पहाटे दोन भावांचे डबे भरून मग मी क्लासला जात असे. प्रत्येक केसमध्ये थोरल्या मुलीची बाजू मी इतक्या झटकन का घेते आणि वडील मला आपोआप दुय्यम का वाटतात, हे त्या कागदावर दिसले. ते दिसल्याने माझा कल गेला असे म्हणणार नाही. आता तो येताना कळतो, एवढेच. समन्वयक ताईंनी हा भाग वगळू नये, पण सक्तीही करू नये. आमच्या गटातील एकीच्या घरी आत्महत्या झालेली होती आणि तिला ते गटापुढे मांडावे लागले, याची खंत मला अजून आहे. काय सांगायचे आणि काय झाकून ठेवायचे हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे.

मॅडमच्या एका सूचनेबाबत मात्र माझा अनुभव थोडा वेगळा आहे. कुटुंबासमोर आपापसांत बोलण्याची पद्धत आम्ही पहिल्यांदा वापरली तेव्हा आजोबा ताडकन उठले आणि म्हणाले, ‘‘आम्ही इथे बसलो असताना आमच्याबद्दल आपसांत काय बोलता?’’ त्यांचे काय चुकले? वडीलधाऱ्या माणसासमोर त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे आपल्याकडे असभ्यपणाचेच आहे. त्यानंतर आम्ही रीत बदलली. आधी सर्वांत वडील व्यक्तीची परवानगी घ्यायची, ‘आजोबा, आम्ही दोघी जे ऐकले ते एकमेकींना सांगू का? चुकले तर तुम्ही दुरुस्त करा’, आणि मग बोलताना त्यांचा उल्लेख पुनःपुन्हा न करता घरातल्या घटनेविषयी बोलायचे. दुरुस्त करण्याचा अधिकार दिल्यावर तेच आजोबा पुढच्या वेळी वेळेआधी येऊन बसले होते.

प्रतिसाद ४ : निवृत्त_पीएसडब्ल्यू

कल्याण_लोकल, तुम्ही मला दुरुस्त केलेत ते बरे झाले. रुग्णालयात आमच्या अंगावर पांढरा कोट असे, म्हणून कदाचित कोणी आजोबा उठले नाहीत. त्यांना राग येत नव्हता असे आता मी म्हणणार नाही. डॉक्टरांचे ‘वेगळे भेटा’ हेही मला पूर्ण मान्य आहे. तटस्थतेविषयी मात्र एक पुरवणी जोडते. मिलानच्या त्या चौघांपैकी चेकीन यांनी १९८७ साली तटस्थतेचा अर्थ नव्याने लावला आणि तिला कुतूहल म्हटले. नव्यांना शिकवताना मला हाच शब्द बरा वाटतो, कारण तटस्थ राहा म्हटले की ते चेहरा दगडासारखा करतात.

प्रतिसाद ५ : कुर्ला_समन्वयक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज आमच्या बैठकीत सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. डॉक्टर, आपण म्हणालात ते गोपनीयतेचे वाक्य आमच्या फॉर्मवर चक्क छापलेले निघाले. ते बदलायला दिले आहे.

अडचणी दोन आहेत. पहिली प्रमाणपत्राची. देणगीदारांना वर्षअखेर कागद दाखवावा लागतो आणि आपण सुचवता त्या कामातून कागद निघत नाही. दुसरी जागेची. शाळेत आम्हाला मिळते ती खोली बालवाडीची आहे, तिथली बाके गुडघ्याएवढी आहेत, आणि शिपाई दर दहा मिनिटांनी खडू घ्यायला येतो.

प्रतिसाद ६ : निवृत्त_पीएसडब्ल्यू

कागदासाठी एखाद-दोघांना रीतसर अभ्यासक्रमाला पाठवा. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेमध्ये कुटुंब मनोविकार केंद्र आहे आणि तेथे प्रशिक्षण दिले जाते. तेथून सुरुवात करून चौकशी करावी. परत आलेल्यांनी इतरांचे काम पाहायचे, अशी लेखी अट घाला, नाहीतर कागद घेऊन माणूस दुसरीकडे जातो. आणि पाहणाऱ्यांचे काम महिन्यातून एकदा बाहेरच्या अनुभवी व्यक्तीने पाहावे. तुमच्या मंजूर दिवसाचा बहुतेक पैसा मी तेथेच खर्च करीन.

खडूचा डबा बाहेर ठेवा. बाकांबद्दल म्हणाल तर तीन खुर्च्या मुख्याध्यापकांच्या खोलीतून मागून आणा आणि त्या कुटुंबाला द्या. बाकांवर तुम्ही बसा.

प्रतिसाद ७ : कुर्ला_समन्वयक

ठरले तर मग. पुढच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता त्याच मुलाचे कुटुंब येत आहे. आमच्या समुपदेशिकेने आधी आईला आणि वडिलांना वेगवेगळे भेटून घेतले आहे. भांडणे आहेत, मारहाण नाही, असे दोघांकडूनही स्वतंत्रपणे कळले. वडील रात्रपाळीवरून परस्पर येणार आहेत, आईने एका घरी उशिरा येईन असे कळवले आहे, आणि मुलाने विचारले आहे की बहिणीला आणले तर चालेल का. पहिल्या दिवशी कुटुंबाशी मी स्वतः बोलेन, सातही जण बसून पाहतील. मी गेली सहा वर्षे एकही सेशन घेतलेले नाही, हे त्यांना अजून सांगितलेले नाही.

प्रतिसाद ८ : कल्याण_लोकल

ताई, ते त्यांना आधीच सांगून टाका, आणि सात जण नकोत. दोघींना आत बसवा, बाकीच्यांना कुटुंबाची लेखी परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण ऐकवा. संपल्यावर तुमचे प्रश्न त्यांना मोजू द्या.